गावची जमीन, मुंबईचे मालक : वहाळाच्या (ओढ्याच्या) दोन्ही अंगांचे रान परत आणायचे असेल तर कोणाची संमती कशी मिळवावी?

वहाळकाठ (धागाकर्ता)

आमचे गाव संगमेश्वर तालुक्यात आहे आणि घरातली बहुतेक माणसे दोन पिढ्यांपासून परळ, भांडुप, डोंबिवली अशा ठिकाणी राहतात. गावी सामाईक खात्यावर खाली भाताचे मळे, त्यांच्या वरच्या अंगाला वरकस म्हणजे उताराची हलकी जमीन आणि माथ्यावर कातळाचा सडा अशी जमीन आहे. आजूबाजूच्या चार वाड्यांतही हेच चित्र आहे. मळे पडीक राहिले आहेत आणि दर काही वर्षांनी ठेकेदार येऊन वरकसावरचे रान जळाऊ लाकडासाठी सरसकट तोडून नेतो. सातबाऱ्यावरच्या पंचवीस-तीस नावांत त्याचे पैसे वाटले गेले की एकेकाच्या हाती गणपतीच्या प्रवासखर्चापुरतीही रक्कम उरत नाही. तोडीनंतर उघड्या जमिनीवर रानमोडीचे तण माजते, उन्हाळ्यात वणवा लागतो, आणि जो वहाळ पूर्वी शिमग्यापर्यंत वाहत असे तो आता माघातच आटतो.

एका कुटुंबाने आपले दोन-चार एकर राखले म्हणून वहाळ वाहू लागणार नाही, कारण पाणी सड्यावर पडते, वरकसात मुरते आणि मळ्यात उतरते, आणि या तिन्ही ठिकाणांचे मालक वेगवेगळे आहेत. म्हणून सड्यापासून मळ्यापर्यंतचे पूर्ण खोरे एकत्र विचारात घ्यावे असे मला वाटते. आमच्या ग्रामस्थ मंडळाची मुंबई शाखा वर्षातून एकदा दादरला सभा घेते, आणि चारही वाड्यांतले बहुतेक खातेदार तिथे एका छताखाली असतात. हा विषय त्या सभेत मांडावा असा माझा विचार आहे. ज्यांनी शेतकऱ्यांना आणि जमीनमालकांना बरोबर घेऊन असे काम केले आहे किंवा जवळून पाहिले आहे, त्यांनी कोणत्या गोष्टीवर लोक तयार होतात आणि कोणत्या गोष्टीवर काम मोडते, हे कृपया सविस्तर लिहावे.

देवरूखची माहेरवाशीण

तुमच्याच तालुक्यात याचे उदाहरण आहे. पुण्याची अप्लाईड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन ही संस्था संगमेश्वर परिसरात खासगी रानांच्या मालकांशी करार करते. मालकाने ठरलेल्या मुदतीपर्यंत रान तोडायचे नाही आणि त्याबदल्यात त्याला मोबदला मिळतो, असे त्याचे साधे स्वरूप आहे. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वनक्षेत्र अगदी नगण्य असून जवळजवळ सगळे रान खासगी मालकीचे आहे, त्यामुळे मालकाला वगळून इथे निसर्गसंवर्धन होऊच शकत नाही.

त्यांनी बेहड्याच्या झाडांकडे वेगळ्या नजरेने पाहिले, हे मला विशेष वाटते. जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेश पक्षी घरटे करतो. मादी आत बसते, ढोलीचे तोंड लिंपून घेते, आणि उरलेल्या अरुंद फटीतून नर तिला आणि पिलाला फळे भरवतो. झाडाखाली वेगवेगळ्या फळांच्या बियांचा थर साचलेला दिसला की वर घरटे आहे असे जाणकार ओळखतात. असा बेहडा ठेकेदाराला विकला तर लाकडाचे पैसे एकदाच मिळतात. त्याची फळे मात्र दरवर्षी गोळा करता येतात, आणि हिरडा-बेहडा नीट पद्धतीने गोळा करून प्रमाणित माल म्हणून विकण्याचे काम याच संस्थेने लोकांबरोबर केले आहे. झाड उभे ठेवून उत्पन्न मिळते हे समजले की बोलणे सुरू करता येते.

सातबारा

मी ठाण्यात जमिनीच्या बाबतीत वकिली करतो, म्हणून मालकांच्या भीतीविषयी लिहितो. निसर्गप्रेमी मंडळी ही भीती अनेकदा स्वार्थ समजतात आणि तिथेच बोलणी फिसकटतात.

महाराष्ट्र खासगी वने (संपादन) कायदा १९७५ साली आला आणि ३० ऑगस्ट १९७५ पासून खासगी वने राज्य शासनाकडे निहित झाली. पुढे कित्येक दशकांनी अनेकांना आपल्या सातबाऱ्यावर वनाचा शेरा आढळला आणि मुंबई परिसरात तर हजारो घरांचा प्रश्न उभा राहिला. ३० जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदरेज प्रकरणात असे ठरवले की जुन्या वन कायद्याखालची नोटीस केवळ काढली गेली होती, ती मालकावर बजावली गेली नव्हती आणि तिच्यावर पुढे काही कार्यवाहीही झाली नव्हती, तर तेवढ्यावरून जमीन खासगी वन ठरत नाही. दरम्यान १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातील आदेशाने ‘वन’ या शब्दाचा शब्दकोशातील अर्थ ग्राह्य धरला होता आणि मालकी कोणाची हा मुद्दा तिथे गौण ठरला होता. सामान्य खातेदाराने या सगळ्यातून एकच गोष्ट मनात धरली आहे : झाडे वाढू दिली तर जमीन सरकारजमा होते, आणि वेळेवर तोडली तर ती आपली राहते.

दुसरी भीती कुळाची, म्हणजे जमीन कसणाराच तिचा मालक होईल याची आहे. १९४८ च्या कुळवहिवाट कायद्यानंतर ‘दुसऱ्याला जमिनीत पाय ठेवू दिला की नाव लागते’ हे वाक्य कोकणातल्या प्रत्येक घरात ऐकायला मिळते. ही भीती आज कायद्याच्या दृष्टीने किती खरी आहे हा वेगळा विषय आहे, पण तुमच्या सभेत पहिला प्रश्न हाच विचारला जाईल.

मुलुंडकर

सातबारा साहेब, मग वन्यजीव कायद्याखाली समुदाय राखीव क्षेत्र घोषित करून घेतले तर? त्यात जमीन मालकाचीच राहते असे मी वाचले आहे.

सातबारा

बरोबर आहे. १९७२ च्या कायद्यात २००२ साली दुरुस्ती झाली तेव्हा ही तरतूद आली. खासगी किंवा सामुदायिक जमिनीवर, लोक स्वतःहून पुढे आले तर, राज्य शासन असे क्षेत्र घोषित करू शकते आणि मालकी बदलत नाही. मात्र घोषणा झाल्यानंतर जमिनीचा वापर बदलायचा असेल तर व्यवस्थापन समितीचा ठराव आणि शासनाची मान्यता दोन्ही लागतात. तीस नावांच्या सामाईक खात्यातले एखादे कुटुंब उद्या घर बांधू इच्छीत असेल तर ते या अटीला कधीच तयार होणार नाही. आधी मुदतीचा साधा करार करावा, पाच-सात वर्षे तो नीट चालला तर पुढचे बोलावे, असे माझे मत आहे.

शेवंती वाडीवर

मी गावात राहते, आमच्या वाडीत आता मोजकीच घरे उघडी आहेत, आणि हा धागा वाचून मला काही गोष्टी स्पष्टपणे लिहाव्याशा वाटतात.

सातबाऱ्यावर ज्यांची नावे आहेत ती माणसे मुंबईत आहेत. त्या रानातून सरपण आणणारी, गुरे चारणारी आणि राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठी, ऐनाचे कवळ (पालेदार फांद्या) तोडणारी माणसे मात्र गावात आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांचे नाव कुठल्याच उताऱ्यावर नाही. दादरच्या सभेत ‘चराईबंदी’ असा ठराव झाला तर मालकाचे काहीच जात नाही, पण माझ्या शेजारणीच्या दोन म्हशी कुठे जाणार? तिला कोणी विचारले नाही तर ती तुमच्या कराराला का जुमानेल? वणवा विझवायला धावणारी माणसेही तीच आहेत, हे कृपया लक्षात घ्यावे.

दुसरी गोष्ट रानडुकरांची आणि वानरांची. भात पसवले की रात्रभर राखणीच्या माळ्यावर बसावे लागते, आणि डोळा लागला तर सकाळी भाताचे दोन कुणगे (खाचरे) आडवे झालेले असतात. आमच्याकडे लोकांनी शेती सोडली ती फक्त मजूर मिळत नाहीत म्हणून सोडलेली नाही. तुम्ही रान वाढवणार असाल तर आमच्या उरलेल्या भाताचे काय, याचे उत्तर पहिल्याच सभेत द्यावे लागेल. नुकसानभरपाईची योजना आहे, पण सामाईक खात्यावर तीस नावे असली की अर्ज कोणी करायचा आणि पैसे कोणाच्या खात्यात जायचे इथेच सगळे अडते.

मी या कामाच्या विरोधात नाही. वहाळ आटल्यापासून विहिरीवर चैत्रात काय स्थिती होते ते मी रोज पाहते. पण सभा गावातही झाली पाहिजे.

वहाळकाठ

शेवंतीताई, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा आहे असे मी मानतो. मी फक्त मालकांच्या संमतीचा विचार मांडला होता. गणपतीत सगळे गावी असतात, तेव्हा दुसरी सभा देवळात घ्यावी आणि तिथे गुरे असलेल्या आणि सरपणासाठी रानात जाणाऱ्या घरांना आधी बोलू द्यावे, असे सुचवतो.

कातळफूल

डुकरांविषयी एक निरीक्षण लिहितो. चारी बाजूंनी पडीक मळे आणि मध्ये एकच लावलेला कुणगा अशी स्थिती असली की त्या एकट्या शेतकऱ्याचे सर्वाधिक नुकसान होते, कारण पडीक मळ्यातल्या उंच गवतात आणि झुडपांत डुकरांना शेताच्या बांधापर्यंत आडोसा मिळतो. म्हणून भाताचे क्षेत्र एका सलग पट्ट्यात आणावे, त्याभोवतीचा भाग साफ ठेवावा आणि रान वरच्या अंगाला व वहाळाच्या काठाने वाढू द्यावे. पडीक मळ्यांच्या मालकांनी निदान त्या पट्ट्यापुरती जमीन गावातल्या शेतकऱ्याला कसायला दिली तर मुंबईकर मालकाचा संवर्धनातला सहभाग तिथूनच सुरू होईल.

झाडे लावण्याची घाई करू नका हेही आवर्जून सांगतो. ऐन, किंजळ, कुंभा यांची तोड झाली तरी खोड जिवंत असते आणि पहिल्याच पावसात त्याला फुटव्यांचा झुबका येतो. त्यातले दोन जोमदार फुटवे ठेवून बाकीचे विळ्याने काढले, भोवतीची रानमोडी फुलावर येण्यापूर्वी उपटली आणि तीन-चार वर्षे गुरांपासून राखले, तर जुन्या मुळांच्या जोरावर ते झाड नर्सरीतल्या रोपाच्या कितीतरी पुढे जाते. खर्च मजुरीचा येतो, आणि ती मजुरी गावातच राहते.

सड्यावर तर काहीही लावू नये. पावसाळ्यात त्या कातळावर उमलणारी फुले, डबक्यांतले बेडूक आणि गवत हीच तिथली निसर्गसंपत्ती आहे. सुरुंग लावून, बाहेरची माती भरून आंब्याची कलमे उभी केलेले सडे आपण सर्वांनी पाहिले आहेत. उघड्या सड्याला ‘ओसाड’ समजून त्यावर ऑस्ट्रेलियन बाभूळ लावणे हा त्याच समजुतीचा दुसरा प्रकार आहे.

भांडुपचा भाऊ

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दुष्काळी हिवरे बाजार गावाने हे सगळे करून दाखवले आहे. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान, शेतीसाठी बोअरवेलला बंदी आणि पाण्याचा ताळेबंद. या कामाचे नेतृत्व करणाऱ्या पोपटराव पवारांना २०२० साली पद्मश्री मिळाली. आपण तेच नियम आपल्या गावात का लावू नयेत?

सातबारा

हिवरे बाजारबद्दल मला अतिशय आदर आहे, पण तिथला शेतकरी गावात राहतो आणि पाणी वाढले की त्याच हंगामात त्याचे पीक वाढते. तो नियम पाळतो कारण फळ त्याच्याच पदरात पडते. आमच्या मुंबईकर खातेदाराला वहाळाच्या पाण्याचा प्रत्यक्ष उपयोग नाही. पावसाचे गणितही उलटे आहे. तिकडे पडणारा थोडा पाऊस अडवायचा असतो, तर संगमेश्वरात तीन हजार मिलीमीटरांहून अधिक पाऊस पडूनही तो उघड्या उतारावरून काही तासांत खाडीला मिळतो. गावाने एकत्र बसून नियम ठरवले आणि ते सर्वांना सारखे लागू केले, एवढी पद्धत मात्र जशीच्या तशी घ्यावी.

देवरूखची माहेरवाशीण

नियमांसाठी लांब जायला नको. आपल्याकडे देवरहाटीत (देवाच्या नावाने राखलेल्या रानात) देवाला कौल लावल्याशिवाय फांदीही तोडत नाहीत, आणि हे गावातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. वहाळाच्या उगमाकडची पट्टी गावकीने देवाच्या नावाने राखायची ठरवली तर मुंबईचा मालकही ती मोडायला धजणार नाही. मात्र यामुळे मोबदल्याचा प्रश्न सुटतो असे नाही. श्रद्धेच्या आधाराने एखाद्या गरीब कुटुंबाचे उत्पन्न बंद करणे मला योग्य वाटत नाही.

शहापूरकर

चर्चा कोकणातल्या गावाची चालली आहे, पण मुंबईकरांनी आपल्या नळाच्या पाण्याकडेही याच दृष्टीने पाहावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. मुंबईला रोज ३,८०० दशलक्ष लिटरांहून अधिक पाणी पुरवले जाते. तुळशी आणि विहार हे छोटे तलाव शहराच्या हद्दीत आहेत. उरलेले तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, ऊर्ध्व वैतरणा आणि भातसा शहराबाहेर आहेत. एकट्या भातसातून जवळजवळ निम्मे पाणी येते. तानसाचे धरण १८९२ साली पूर्ण झाले, म्हणजे आमच्या डोंगरांचे पाणी शंभराहून अधिक वर्षे मुंबईला जात आहे, आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर येतो.

न्यूयॉर्क शहराचे पाणीही असेच दूरच्या कॅट्सकिल डोंगरांतून येते. १९९० साली शहराने तिथल्या शेतकऱ्यांवर कडक नियम घालण्याचे ठरवले तेव्हा शेतकरी खवळून उठले. मग बोलणी झाली आणि शेतकऱ्यांच्याच पुढाकाराची परिषद स्थापन झाली. सहभाग ऐच्छिक ठेवला, गोठ्याचे सांडपाणी आवरण्याचा आणि ओढ्याकाठी कुंपण घालण्याचा खर्च शहराने उचलला, पण पाच वर्षांत ८५ टक्के शेतकरी सहभागी झाले पाहिजेत अशी अट घातली. ती पूर्ण झाली. १९९७ च्या व्यापक करारानंतर शहराला त्या पाण्यासाठी अब्जावधी डॉलर्सचा गाळण प्रकल्प बांधावा लागला नाही. आपल्या देशातही हिमाचलच्या पालमपूर नगरपरिषदेने २०१० साली बोहल गावाशी करार केला आणि झऱ्यावरचे रान राखण्यासाठी गावाला दरवर्षी पैसे देण्याचे मान्य केले. मुंबईने पाणलोटातल्या शेतकऱ्याला उताराचे रान राखण्यासाठी पाणीपट्टीतून काही द्यावे, ही मागणी मी जिथे संधी मिळेल तिथे करतो.

मुलुंडकर

याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पाण्याच्या बिलात त्यासाठी एक ओळ वाढली तरी मी ती आनंदाने भरेन.

खारेपाट

मी पेणकडचा आहे. आमच्याकडे हा प्रश्न उलट्या दिशेने येतो, तो नोंदवून ठेवतो. खारबंदिस्ती (खाडीचे पाणी अडवणारा बांध) फुटली आणि वेळेवर दुरुस्त झाली नाही की भरतीचे पाणी भातखाचरात शिरते, आणि काही वर्षांत तिथे कांदळवन उभे राहते. १७ सप्टेंबर २०१८ च्या उच्च न्यायालयाच्या निकालाने कांदळवनाच्या तोडीवर पूर्ण बंदी आहे आणि भोवतीच्या ५० मीटरांच्या पट्ट्यात बांधकाम करता येत नाही. हा निकाल मला मान्य आहे, मुंबईच्या खाड्या त्यामुळेच वाचल्या आहेत. पण ज्याची पिकती जमीन बांध फुटल्यामुळे गेली, त्याच्या दृष्टीने निसर्ग परत आला आणि घरातले भात गेले. राज्याच्या कांदळवन कक्षाची उपजीविका योजना आहे. तिच्यात खेकडापालन, कालवे, जिताडा यांसाठी गटांना ९० टक्के आणि व्यक्तींना ७५ टक्के अर्थसाहाय्य मिळते. काही गावांत ती चांगली चालली आहे. जिथे आधी चिंबोऱ्यांची (खेकड्यांची) पिल्ले आणि बाजार दोन्हींची सोय झाली तिथे लोक टिकले, आणि जिथे नुसते फलक लागले तिथे कोणी फिरकले नाही. तेव्हा वहाळकाठ, मोबदल्याचे पहिले पैसे हातात पडल्याशिवाय कोणाकडूनही त्याग मागू नका.

नेरळवाला

एक छोटी सूचना. आमच्या भागात मुंबईच्या मंडळींनी शेतघरे घेतली, झाडेही पुष्कळ लावली, पण प्रत्येकाने जाळीचे उंच कुंपण घातले. त्यामुळे ठाकरवाडीची पाण्यावर जायची वाट बंद झाली आणि भेकराला ओढ्यापर्यंत उतरता येईना. करारात कुंपणाचे कलम हवे : वहाळाच्या दोन्ही काठांना मोकळी वाट.

वहाळकाठ

सर्वांचे मनापासून आभार. दादरच्या सभेत मांडायचा मसुदा आता असा करतो. करार सात वर्षांचा असावा. जमिनीचा ताबा, कसवणूक आणि मालकी यांत कोणताही बदल होणार नाही हे पहिल्याच कलमात लिहावे. सरसकट तोड होणार नाही, घरगुती सरपणाला मुभा राहील, वहाळाचा काठ मोकळा राहील आणि सड्याला हात लावला जाणार नाही. भाताचा सलग पट्टा ठरवून तो गावातल्या कसणाऱ्यांना द्यावा. ठेकेदार देतो त्या रकमेइतका निधी मंडळाने मुंबईत उभा करावा आणि तो दरवर्षी हप्त्याने मालकांना व राखणदारांना वाटावा. सातबारा साहेब, भाताच्या पट्ट्याची कसवणूक आणि कुळाची भीती यांचा मेळ कसा घालावा?

सातबारा

त्या पट्ट्यासाठी वेगळा दस्त करा, रानाच्या करारात ते मिसळू नका. २०१७ सालापासून शासनाकडे भाडेपट्ट्याच्या कायद्याची चर्चा आहे, पण आज तुम्ही लेखी, ठरावीक मुदतीचा आणि सर्व सहहिस्सेदारांच्या सह्यांचा दस्त तालुक्याच्या वकिलाकडून तपासून घ्यावा हेच बरे. सह्यांसाठी मुंबईची सभा खरोखरच उपयोगी पडेल. गावी तीस सह्या जमवायला दोन गणपती जातात.

शेवंती वाडीवर

मसुदा चांगला आहे, फक्त राखणदाराचे काम महिला बचत गटाकडे द्यावे असे सुचवते. मार्गशीर्ष संपण्यापूर्वी, गवत वाळायच्या आत, वणवा अडवणारा जाळपट्टा काढावा लागतो, आणि त्या दिवसांत वाडीतले पुरुष बहुतेक बागांच्या फवारणीला गेलेले असतात. रानात रोज आम्हीच असतो, धूर पहिल्यांदा आम्हालाच दिसतो. गटाच्या खात्यात पैसे थेट यावेत आणि पहिला हप्ता जाळपट्ट्याच्या आधी यावा. आणि म्हशींसाठी वरकसाचा खालचा एक तुकडा चराईला मोकळा ठेवावा. कोणता ते मी शेजारणीला आणि गुरे असलेल्या बाकी घरांना विचारून सभेच्या आधी कळवते.